पाचवा शर्ट

"हा पाचवा शर्ट आहे," आर्लिसने नवऱ्याच्या कॉलरचं बटण लावता लावता बजावलं. "मी माझ्या हाताने शिवलाय. कापून घेऊन आलास तर गॅरेजमध्ये झोपायचं."

व्हर्लिनने मान डोलावून धनुष्य गाडीत ठेवलं. विस्कॉन्सिनच्या रानातल्या सासरच्या शिकारी खोपटात नियम एकच होता. ज्याचा बाण चुकला, त्याच्या शर्टाची मागची पट्टी कापायची आणि खाली नाव लिहून भिंतीला ठोकायची. नियम सासऱ्याचा, हिल्मरचा. कात्री चालवायचा मेहुणा, रोलंड. भिंतीवर चार पट्ट्या व्हर्लिनच्या होत्या. त्या बापलेकांची एकही नव्हती, आणि हे ते रोज जेवताना सांगत.

म्हणून यंदा त्याने गुपचूप प्लास्टिकचं हरीण आणलं होतं, चांगलं शिंगांचं. माजावर आलेल्या नराला दुसरा नर दिसला की तो चाल करून येतो. मग वीस पावलांवरून कोण चुकतंय? माणसाचा वास लागू नये म्हणून व्हर्लिनने रबरी हातमोजे घालून ते ओकच्या झाडाखाली उभं केलं आणि मचाणावर चढला.

आठ वाजता खरंच नर आला. कान मागे पाडून, मान खाली घालून, एकेक पाऊल मोजत. नर प्लास्टिकच्या हरणाला खेटून उभा राहिला. व्हर्लिनने श्वास रोखला, धनुष्य ओढलं आणि बाण सोडला.

'ठक्क!'

खरा नर शेपटी उंचावून पसार झाला. बाण प्लास्टिकच्या बरगडीत रुतला होता.

व्हर्लिन धडपडत खाली उतरला. बाण काही केल्या निघेना. तेवढ्यात पलीकडून रोलंडचा ओळखीचा खोकला आला. व्हर्लिनने हरीण बगलेत मारलं आणि वाकून झुडपांआडून पळ काढला. झुडपांवर दिसत होती ती फक्त डुलत चाललेली शिंगं.

'ठक्क!'

"अरे, मी आहे! माणूस आहे!" व्हर्लिन जमिनीवर लोळण घेत ओरडला.

रोलंड पांढराफटक पडून धावत आला. "दाजी! लागलं का कुठं?" दाजी धडधाकट आहेत हे पाहिल्यावर त्याची नजर हरणाकडे गेली. मग आपल्या बाणाकडे. नकळत त्याचा हात स्वतःच्या शर्टामागे गेला.

"दाजी, बाबांना सांगू नका हं."

"रोलंड, बाण दोन आहेत."

"दिसतंय मला. तुम्ही माझा पाहिला नाहीत, मी तुमचा पाहिला नाही."

दोघांनी हरीण उचलून आणलं आणि खोपटामागे, संडासाच्या आडोशाला दडवलं.

दुपारी जेवताना कुणी मान वर केली नाही. एक्याऐंशी वर्षांचा हिल्मर अर्ध्या जेवणातून उठला. शिकारीच्या दिवसांत तो संडासालाही धनुष्य घेऊन जायचा, हे दोघांना तो दाराबाहेर पडल्यावर आठवलं. रोलंडचा चमचा हवेतच थांबला.

'ठक्क!'

बऱ्याच वेळाने हिल्मर आत आला. कुणाकडेही न बघता त्याने खिळ्यावरची कात्री काढली, शेगडीचं झाकण उचललं आणि कात्री विस्तवात टाकली.

"गंजली होती," तो म्हणाला. "बसलात काय नुसते? जावईबापूंना वाढा."

व्हर्लिनने शर्ट नीट खोचला आणि ताट पुढे केलं.