शेषरावांचा ओरखडा

मी कॉलेजात रुजू झालो, त्या दिवशीच शेषराव सोनवण्यांनी माझ्या नव्या घड्याळाची काच खरवडली. ओळख झाली, हात मिळवला आणि मिळवलेला हात तसाच धरून त्यांनी विचारलं, "दुकानदार काय म्हणला?" गावातल्याच औरंगपुऱ्यात घेतलंय, काचेवर ओरखडा उठत नाही म्हणाला, असं मी भाबडेपणानं सांगितलं. त्यांनी खिशातून बारीक कानस काढली आणि कर्रकन फिरवली. मग थुंकीनं अंगठा ओला करून काच पुसली. ओरखडा तसाच.

"साडेपाच. साधी काच हाय. फसला तुम्ही," म्हणाले, आणि त्या दुकानदारावर इतके संतापले की माझा संताप व्यक्त करायची संधीच मला मिळाली नाही.

शेषराव भूशास्त्र शिकवायचे, मी मराठी. आमचे वर्ग शेजारी होते. एकदा मी कुठल्याशा कवितेच्या नादात 'दगडाचं काळीज' म्हणालो, तर दारात शेषराव उभे. "कुठला दगड?" शंखजिरंही दगडच, ते नखानं खरवडतं आणि त्याची पावडर लोक अंगाला लावतात. गारगोटीही दगडच, ती काचेवर रेघ ओढते. पोरांना नेमकं सांगत जा, असं बजावून ते गेले. माझा वर्ग त्यानंतर आठवडाभर ताळ्यावर आला नाही.

'कठीण' हा शब्द तर आम्ही त्यांच्यासमोर वापरायचाच बंद केला होता. पेपर कठीण गेला, दिवस कठीण आले, असं कुणी म्हटलं की ते चिडायचे. त्यांचा हिशेब सरळ होता. जो दुसऱ्यावर ओरखडा उठवतो तो कठीण, ज्याच्यावर उठतो तो मऊ. शंखजिरं एक नंबरला, हिरा दहाला, बाकीचे मधे. नख अडीच, तांब्याचा पैसा तीनच्या जरा वर, चाकू साडेपाच. हिऱ्यावर हातोडा मारला तर हिरा फुटतो, हे कुणाला पटत नसे. मग शेषराव टेबलावर मूठ आपटून सांगायचे, की फुटणं वेगळं आणि ओरखडणं वेगळं. कुरुंद नऊ आणि हिरा दहा, म्हणजे दोघं जवळपास सारखेच, असं एकदा प्राचार्य म्हणाले. शेषराव म्हणाले, हे नंबर वर्गातल्या पहिल्या-दुसऱ्यासारखे असतात, कोण किती मार्कांनी पुढं ते त्यात दिसत नाही. "एक ते नऊ म्हणजे इथून औरंगपुरा. नऊ ते दहा म्हणजे इथून पार वैजापूर." प्राचार्यांनी परत त्यांच्याशी दगडांवर बोलणं काढलं नाही.

त्यांच्या प्रयोगशाळेत रफिकभाई म्हणून परिचर होते. वय पन्नाशीच्या पुढं, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेली. प्रत्येक नमुन्याची जागा त्यांना पाठ होती. दुपारचा डबा दोघं एकाच टेबलावर खायचे, तोही भांडत. शेषरावांशी बरोबरीनं भांडणारा कॉलेजातला हा एकच माणूस.

मग नव्या सभागृहाचं उद्घाटन निघालं. संस्थेच्या अध्यक्षांच्या मेहुण्यानं बांधकाम केलं होतं. भाषणात अध्यक्षांनी तीनदा सांगितलं, की फरशी अस्सल काळ्या ग्रॅनाइटची आहे. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा शेषराव पहिल्या रांगेतून उठले आणि पाहुण्यांसमोर गुडघ्यावर बसले. त्यांनी वळून न बघता हात मागं केला, आणि रफिकभाईंनी लॅबमधला चाकू त्यांच्या हातात दिला. फरशीवर पांढरी रेघ उठली. शेषरावांनी अंगठा ओला करून ती पुसली. रेघ गेली नाही.

"ग्रॅनाइटवर चाकू चालत नाय. ही मऊ हाय. लई मऊ हाय," शेषराव म्हणाले. माइक जवळच होता.

पुढचे पंधरा दिवस कॉलेज धुमसत होतं. शेषरावांनी लेखी माफी मागावी, असा अध्यक्षांनी हट्ट धरला. शेषरावांनी सांगून टाकलं, की आधी फरशी बदला. त्यांची नोकरी पक्की होती, त्यांना हात लावता येत नव्हता. म्हणून कार्यालयात दुसरीच फाइल तयार झाली. परवानगीशिवाय प्रयोगशाळेचं साहित्य समारंभात आणलं, सबब रफिक यांना निलंबित का करू नये. प्राचार्यांनी शेषरावांना बोलावून ती नुसती दाखवली.

त्या दुपारी शेषराव माझ्या टेबलाशी आले आणि एक कागद आपटला. "शुद्धलेखन बघा."

मी वाचला. निरीक्षणात माझी चूक झाली, फरशी ग्रॅनाइटचीच आहे, त्याबद्दल मी दिलगीर आहे. दोन वेलांट्या चुकल्या होत्या. मी म्हणालो, "सर, हे खोटं आहे."

"वेलांट्या बघा म्हणलं." मग फाइलीचं सांगितलं, आणि रफिकला कळता कामा नये, असं दरडावलं.

पत्र सूचनाफलकावर लागलं. रफिकभाईंनी ते वाचलं आणि तडक स्टाफरूममध्ये आले. "तुम कायकू झुके सर? रेघ माझ्या डोळ्यादेखत उठली होती." शेषरावांनी समोरचे पेपर तपासायला घेतले. त्यांना भांडण टाळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून रफिकभाई आपला डबा घेऊन लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसायला लागले. शेषराव लॅबमध्ये एकटेच जेवायचे आणि अर्धा डबा परत न्यायचे.

महिन्याभरानं मला राहवेना. मी म्हणालो, खरं काय ते मी रफिकभाईंना सांगतो. शेषराव असे खवळले की बाजूचे दोघं उठून बाहेर गेले.

"त्याला कळलं तर तो उद्याच राजीनामा देईल. मी ओळखतो त्याला. रागावू द्या."

दोघांचं बोलणं हळूहळू कामापुरतं सुरू झालं. डबे मात्र वेगळेच राहिले.

दोन वर्षांनी रफिकभाई निवृत्त झाले. निरोप त्याच सभागृहात होता. बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी शेषरावांचं फार कौतुक केलं. दगड ओळखायला सरांनी शिकवलं, म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "लेकिन सर एकदा घाबरले. ते मी नाय विसरणार."

 मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. शेजारी बसलेल्या शेषरावांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं, आणि मग सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.