राजाच्या बिअरचा फेस

वाल्मोरने बिअरचा केग, म्हणजे पत्र्याचं बंद पिंप, हलवून त्याला कान लावला आणि त्याचा चेहरा पडला. घरी बनवलेली वीस लिटर बिअर गार होती, चवीला झकास होती, पण अगदीच निपचित. आत एका बुडबुड्याचा पत्ता नव्हता. आठवडाभर तिला गॅसची नळी लावून ठेवली होती. सिलिंडरची चावी उघडायचं तेवढं तो विसरला होता.

"अहो, तुम्ही राजे ना?" त्याची बायको इरासी म्हणाली. "मग राजासारखं दुकानातून पिंप मागवा."

ते शक्य नव्हतं. बारा वर्षं नेम चुकवल्यावर वाल्मोर यंदा स्पर्धा जिंकून पोमेरोद गावच्या नेमबाजी मंडळाचा वर्षभराचा राजा झाला होता. रिवाजाप्रमाणे दहा वाजता अख्खं मंडळ बँड वाजवत राजाला न्यायला येणार, आणि राजाने बिअर पाजल्याशिवाय मिरवणूक हलणार नाही. ती बिअर माझ्याच हातची असेल, असं त्याने चारचौघांत, त्यातही इरासीच्या भावासमोर, छाती ठोकून सांगितलं होतं. हा मेव्हणा अर्नो म्हणजे ग्लासातला फेस बोटांनी मोजूनच घोट घेणारा माणूस.

साडेआठ वाजले होते. वाल्मोरने चावी उघडली, दाबाचा काटा तिपटीवर चढवला आणि केग आडवा करून अंगणात पायाने लोळवायला लागला. हलवलं की गॅस लवकर मुरतो हे त्याला ठाऊक होतं. कधी थांबायचं हे नव्हतं.

"पुरे आता."

"मुरू दे गं अजून."

"एवढ्यात बाळसुद्धा झोपलं असतं," इरासी म्हणाली.

बँड फाटकात शिरला तेव्हाही राजे केग लोळवतच होते. त्याने घाईने केग उभा केला, नळ जोडला आणि अर्नोचा मग धरला. मग भरला तो नुसत्या फेसानेच. दुसराही तसाच. दाब सोडायला वरची कडी ओढली, तर फवारा थेट ढोलवाल्याच्या टोपीवर गेला.

"दाजी," मगात हात घालत अर्नो म्हणाला, "फेस तीन बोटं हवा. इथं मनगट बुडलं, तरी बिअर लागेना."

वाल्मोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जरा थांबा, बसतोय तो," एवढंच तो म्हणत राहिला. तासाभरात माणशी दोन घोट मिळाले. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ पाहून मिरवणूक काढली आणि राजा मान खाली घालून पुढे चालू लागला.

दरवर्षी राजाच्या घरून निघालेली माणसं मंडळात पोचेपर्यंत वाटेतच सांडायची. कुणी परक्याच्या पायरीवर बसायचं, बँड एका वेळी दोन गाणी वाजवायचा. आज सगळे एका रांगेत, एका तालात येत होते. रस्त्यावरच्या बायका बघतच राहिल्या.

मंडळाच्या दारात महिला समितीच्या दोना एर्ना उभ्या होत्या. त्यांनी रांगेतल्या आपल्या नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. खात्री पटेना, म्हणून पुन्हा घेतला.

"बिअर कुणाची होती?"

अर्नोने लगेच बोट दाखवलं. वाल्मोरने डोळे मिटून घेतले.

"पुढच्या वर्षी राजा कुणीही होऊ दे," दोना एर्ना म्हणाल्या, "बिअर यांच्याच हातची. आणि करण्याची रीत अजिबात बदलायची नाही."