घारी हाकणारे इष्णूतात्या

आमच्या मिठबावात कुणाकडे श्राद्ध असलं की भटजी आधी एकच गोष्ट विचारायचे, "इष्णूतात्या गावात आहेत का?" आहेत म्हटलं की यजमान काहीतरी निमित्त काढून तात्यांना सकाळच्या एस.टी.नं तळेऱ्याला धाडायचा. गाडी वळणाआड गेली की मग पिंड मांडायचे. तात्या गावात असले की पिंडाला कावळा शिवत नसे. शिवणार कसा? त्यांची चाहूल लागली की कावळे थेट पलीकडच्या गावात जाऊन बसत.

यात करणी-बिरणी काही नव्हती. तात्यांनी पंधरा वर्षं मुंबईला, सांताक्रूझच्या विमानतळावर, पाखरं हाकायची नोकरी केली होती. रॉकेलचा रिकामा डबा, एक काठी, गळ्यात शिट्टी आणि घशातून निघणारी "हुर्रर्र" अशी एक आरोळी, एवढ्या सामानावर त्यांनी पंधरा वर्षं आभाळ साफ ठेवलं. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा तो डबाही बरोबर घेऊन आले. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. भावाच्या पडवीत राहायचे.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. तात्या पहिल्यांदा भेटले ते एका लग्नात. नवरा-नवरी मांडवात शिरत होती आणि दारात ही गर्दी. एकदम मागून आवाज आला, "रनवे मोकळो करा!" माणसं अशी काही दोन्हीकडे फाकली की वधूपिता एकटाच मध्ये उभा राहिला. पुढे कळलं की हे वाक्य तात्या सगळ्यांनाच ऐकवतात. वाटेत म्हैस आली तरी तेच, देवळात पुजारी गाभाऱ्याच्या दारात उभा राहिला तरी तेच.

विमानतळ हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. ते 'एरोड्रम' म्हणायचे, आणि म्हणताना जरा ताठ बसायचे. त्या एरोड्रमचा सगळा इतिहास त्यांना पाठ होता, पण तो ते सांगायचे पाखरांच्या हिशेबानं. लढाई संपून लष्करानं जागा सोडली, तो टिटव्यांचा काळ. तेव्हा पत्र्याच्या शेडी होत्या, उतारू लाकडी बाकांवर बसायचे आणि बाजूला कमरेएवढं गवत. तात्या मजूर म्हणून गवत कापायला लागले आणि टिटव्या उठवता उठवता त्याच कामावर कायम झाले. मग धावपट्टी वाढवली, आजूबाजूची भातशेती गेली, बगळे गेले. मग काचांची नवी इमारत उभी राहिली. देशोदेशीचे लोक यायला लागले, भोवती वस्ती वाढली, वस्तीबरोबर उकिरडे आले आणि उकिरड्यांवर घारी.

"आनि मगे जेट इली," असं म्हणून तात्या थांबायचे. ऐकणाऱ्यानं "मग?" म्हणावं लागे.

मग ते समजावून सांगायचे. पंख्याचं विमान लांबूनच घरघरतं, पाखराला आधी कळतं, ते उडून जातं. जेट आधी येतं आणि त्याचा आवाज मागून. पाखरू बेसावध. आणि जेटचं तोंड असं की समोर येईल ते गिळायचं. साहेब लोक वर काचेत बसून कागद लिहितात, पण विमान सुखरूप उडतं ते खाली गवतात उभ्या असलेल्या माणसामुळे. "कागदार सायेब, गवतात आमी," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य.

हे सगळं ज्ञान गावात वाया जाणार असं वाटत होतं. पण त्याला गिऱ्हाईक मिळालं ते किनाऱ्यावर. पारूकाकी मासे विकायची. बाई खमकी, नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा शंकर मुंबईत फिटरचं काम शिकत होता. वाळूत सुकत घातलेल्या मासळीवर कावळे आणि घारी तुटून पडायच्या, आणि बायका दिवसभर काठ्या आपटून दमून जायच्या. एके सकाळी तात्या डबा घेऊन तिथे उभे राहिले. पळत सुटायचं नाही, हे त्यांनी बायकांना शिकवलं. वारा कुठून येतो ते बघायचं, घार कुठे बसते ते हेरायचं आणि ती उठायच्या आधी तिच्या वाटेत जायचं. दुपारपर्यंत किनारा स्वच्छ. त्या मोसमात पहिल्यांदाच जेवढी मासळी पसरली तेवढी घरी आली. बायका रोज त्यांना घरचं जेवण आणून द्यायला लागल्या आणि तात्यांच्या अंगात पुन्हा नोकरीचं वारं भरलं. जुनी खाकी चड्डी त्यांनी धुऊन काढली.

जेवताना ते गोष्टी सांगायचे. रंगात आले की जेटच्या. एक घार, फक्त एक घार तोंडात गेली की एवढं मोठं विमान कसं लंगडं होतं, हे ते हातवारे करून दाखवायचे. बायका घास हातात धरून ऐकायच्या. पारूकाकी सगळ्यांत पुढे.

अशात शंकर गावी आला तो उड्या मारतच. त्याला बहरीनला नोकरी लागली होती. कंपनी विमानानं नेणार होती, तिकीट आलं होतं, तारीख ठरली होती. सगळा गाव हरखला. आमच्या गावातून विमानात बसणारा तो पहिलाच.

पारूकाकी म्हणाली, नाही जायचं.

शंकरनं समजावलं, मी समजावलं. बोटीनं गेला तर चालेल, असं ती म्हणायची. दर्याचं तिला भय नव्हतं. पण बोटीनं तारीख गाठणं शक्य नव्हतं, आणि तारीख चुकली की नोकरी दुसऱ्याला. शेवटी शंकर तात्यांकडे गेला. तुमच्या गोष्टींनी हे झालंय, आता तुम्हीच निस्तरा, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. तात्यांचं तोंड उतरलं. ते माझ्यासमोरच काकीकडे गेले आणि तासभर आपल्याच गोष्टी खोडत बसले. घारी आता कमी झाल्यात, जेट मजबूत असतं, आपण जरा तिखटमीठ लावलं होतं.

काकीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू थंय असतस तर गोष्ट येगळी होती. तू हंय सुकट राखतस. थंय कोन आसा?"

तात्या उठून उभे राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी थंय आसतलंय."

दुसऱ्या दिवशी डबा, काठी आणि शिट्टी घेऊन ते मुंबईच्या गाडीत बसले. विमानाला अजून दहा दिवस होते. शंकरही कागदपत्रांसाठी परत गेला.

मागाहून मी पारूकाकीला घेऊन निघालो. शाळेला सुट्टी होती आणि खरं सांगायचं तर मलाही विमान बघायचं होतं. खारेपाटणचा पूल ओलांडल्यापासून काकी नुसती खिडकीतून आभाळात घारी शोधत होती. मुंबईत उतरलो तर तात्या खाकी चड्डीत हजर. अंगानं वाळलेले, आवाज बसलेला, पण डोळ्यांत चमक. त्यांनी काकीला सांगितलं की सगळी व्यवस्था झाली आहे, उद्या सकाळी ते स्वतः आत गवतात उभे असतील. काकीनं त्यांच्या डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि मान हलवली.

सकाळी आम्ही त्या काचेच्या इमारतीत शिरलो. काय सांगू! तुळतुळीत फरशी, कर्ण्यातून येणारा आवाज, साड्या, टाय, फेटे, गोरे, काळे, सगळ्यांची एकच धांदल. शंकरनं आईला वाकून नमस्कार केला आणि आत गेला. आम्ही वरच्या गच्चीत जाऊन कठड्याला टेकलो. समोर विमानं उभी होती, उन्हात चमकत. माझं काळीज एवढं उडत होतं की जणू मीच जाणार होतो. शंकरचं विमान लांब टोकाला गेलं, वळलं, क्षणभर थांबलं आणि धावत सुटलं. गच्ची थरथरली. पुढची चाकं उचलली, मग मागची, आणि ते एवढं मोठं धूड हलकेच वर चढलं.

काकी विमानाकडे बघतच नव्हती. ती आजूबाजूचं आभाळ बघत होती. एकही पाखरू नव्हतं. विमान ठिपक्याएवढं झालं तेव्हा तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "इष्णू आसा थंय."

तिला बाकावर बसवून मी तात्यांना आणायला गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला नाव सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, तो म्हातारा आत नाही. सुरुवातीला रोज विनवण्या करायचा. साहेबानं त्याला चहा पाजला, पण निवृत्त माणसाला आत कसं सोडणार? भिंतीबाहेर त्या टोकाला असेल बघा.

भिंतीच्या कडेकडेनं मी पुष्कळ चाललो. धावपट्टीच्या टोकाला, भिंतीबाहेर, वस्तीचा मोठा उकिरडा होता. म्हणजे असणार; कारण तात्या उभे होते तिथली बरीच जागा झाडून काढलेली दिसत होती आणि कचऱ्यावर माती ओढलेली होती. तात्यांच्या हाताला फोड आले होते. डबा पार चेपला होता.

मला बघून ते ओशाळले. मग कुजबुजत्या आवाजात सांगायला लागले. साहेबाचं बरोबर आहे, कायदा तो कायदा, आता त्यांच्याकडे जीपगाडी आहे, बंदूक आहे. आधी दोन दिवस आपल्याला फार वाईट वाटलं. मग सुचलं. "घारी आत खंय ऱ्हवतत, मास्तर? त्यो हंय ऱ्हवतत, भायर." म्हणून आठवडाभर ते उकिरडा उपसत होते. वस्तीतल्या कसायाची मनधरणी करून त्याला घाण दुसरीकडे टाकायला लावली होती. आणि आज उजाडल्यापासून डबा बडवत होते.

"पारूक सांगू नको," ते म्हणाले.

नाही सांगणार, असं मी म्हटलं. आम्ही एका दगडावर बसलो. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "मास्तर, विमान कसां दिसलां?"

"अहो, तुमच्या तर डोक्यावरून गेलं."

"माजी नजर घारींर होती." ते काठीनं मातीत रेघा ओढत राहिले. "पंदरा वर्सां हजारो मानसां उडान गेली. वळखीचा कोन नाय. आज पयलोच."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. विमान कसं वळलं, कसं थांबलं, कसं धावलं, चाकं कशी उचलली. लहान मुलाला गोष्ट सांगावी तसं सावकाश सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते.

"खिडकेत शंकर दिसलो?"

गच्चीतून खिडक्याच नीट दिसत नव्हत्या.

"दिसला," मी म्हणालो. "हात करत होता."

तात्यांनी पश्चिमेकडे बघितलं. तिथे आता काहीच नव्हतं. त्यांनी फोड आलेला हात वर केला आणि हळूच हलवला.