नव्या इंजिनाची मोहीम आणि ताईसाहेबांचा कंठ

ज्याचे सत्तेने सूर्य न थकता चालतो, आणि ज्याचे नाम गाता गाता मुका कंठही मोकळा होतो, त्या भगवंताचे पायी मस्तक ठेवून ही हकीकत लिहिली जाते. वाचकांनी सावध व्हावे, मांडी घालून बसले असल्यास पाय मोकळे करावे, कारण मजकूर मोटारीचा आहे.

चष्म्यांचे दुकानदार दादासाहेब यांनी उभा जन्म लोकांस दूरचे दाखविण्यात वेचिला, आणि मग पन्नाशी उलटल्यावर त्यांस स्वतःस एक मोटार दिसली. राखाडी, चौदारी, नवीकोरी. किल्ली सुपूर्द करितेवेळी मोठ्या मिस्त्रींनी शर्ती घातल्या त्या ऐशा की, इंजिन नवे, सबब आतील दट्ट्याच्या कड्या आणि नळकांड्याच्या भिंती अद्याप एकमेकांस रुळलेल्या नाहीत, त्यांनी घासून घासून सलगी करावी. तोवर पहिले हजार किलोमीटर ऍक्सिलरेटर तळास नेऊ नये, आणि एकाच वेगात फार वेळ हाकू नये, कधी चढता कधी उतरता ठेवावा, आणि उभ्या गाडीत उगाच धडधडत ठेवू नये.

हे ऐकून दादासाहेबांचे कुटुंब वहिनीसाहेब चमकल्या. "अहो, हे तर गळ्याच्या डॉक्टरांनी वन्संना सांगितलं तस्संच आहे की!"

याचा उलगडा ऐसा की, दादासाहेबांच्या थोरल्या भगिनी ताईसाहेब म्हणजे हरिनामाचा खणखणीत कंठ. त्या गाऊ लागल्या की मागल्या रांगेतले पेंगणारेही ताठ बसत. त्या कंठात गाठ जाहली, शस्त्रक्रिया जाहली, आणि मग महिनाभर मौनाचे फर्मान सुटले. पुढे डॉक्टरांनी मुभा दिली की बोलावे, हळूहळू गावे, फक्त ताणू नये आणि एकाच पट्टीत धरून बसू नये. परंतु ताईसाहेब तोंड उघडीनात. तोंड उघडले आणि आवाज आलाच नाही तर, हे भय त्यांनी कोणास सांगितले नाही, आणि घरात सर्वांस ठाऊक होते.

मग शुभ सकाळी कूच जाहले. सुकाणूवर दादासाहेब, शेजारी वहिनीसाहेब मुख्य सल्लागार, आणि मागील तक्तावर ताईसाहेब, हाती छत्री. शहराबाहेर रुंद सडक लागताच दादासाहेबांनी काटा पन्नासावर आणून खिळविला आणि मोठ्या फुशारकीने म्हणाले, "बघा, हलतोय का जराही?"

तोच छत्रीची मूठ डाव्या खांद्यावर पडली.

"एक सूर किती वेळ ओढणार, असं म्हणतायत वन्सं," वहिनीसाहेबांनी अर्थ सांगितला.

तेथून मोहिमेची सूत्रे छत्रीकडे गेली. डावा खांदा म्हणजे उतरावे, उजवा म्हणजे चढावे, ऐसा तह ठरला. आणि मग मोटार चाळिसावर आली, आणि साठास गेली, आणि पुन्हा पंचेचाळिसास उतरली, ऐसे दिवसांमागून दिवस चालले. उतारावर सायकलस्वार पुढे गेले. दुधाचा टेम्पो पुढे गेला. शाळेच्या बसने मागे टाकले आणि तिच्या खिडकीतून जिभा निघाल्या. दादासाहेबांनी हे सर्व अपमान गिळिले.

आणि मग एके दिवशी चढणीवर गनीम दाखल जाहला. वहिनीसाहेबांचे धाकटे बंधू, टायरांचे व्यापारी मेहुणेराव, आपली जुनी खडखडी जीप अंगालगत आणून ओरडले, "काय दाजी! गाडी चालवताय की झोपवताय? अक्का, उतर खाली, चालत लवकर पोचशील!" आणि धूर सोडून पुढे गेले.

ते समयी दादासाहेबांचा उजवा पाय फितूर जाहला. इंजिन गर्जले, काटा उसळला, डावा खांदा छत्रीने बडविला गेला, छत्रीची एक काडी रणात कामी आली, वहिनीसाहेबांनी "अहो! अहो!" ऐसे दोनदा फर्माविले, तरी पाय ऐकेना, बोटभर अंतरावर तळ उरला.

"दादा, पाय काढ!"

वहिनीसाहेबांनी प्रथम रेडिओकडे पाहिले. रेडिओ बंद होता. आवाज किंचित घोगरा, परंतु अखंड, मागील तक्तावरून आला होता. दादासाहेबांचा पाय आपोआप उचलला गेला. त्यांनी मोटार कडेस उभी केली, आणि मग चष्मा काढून हमसाहमशी रडू लागले.

वहिनीसाहेबांनी पदराने डोळे टिपीत हुकूम सोडिला, "अहो, रडायचं तर इंजिन बंद करून रडा. उभ्या गाडीत चालू ठेवायचं नाही!"

इतक्यात मेहुणेराव जीप उलटी घेऊन हजर. "बिघडली ना? मी म्हटलंच होतं!"

"गाडी नाही हो बिघडली," ताईसाहेब म्हणाल्या, "मी सुधारले."

मेहुणेरावांनी कानास हात लाविले, आणि उरलेली वाट चाळिसाच्या चालीने मागे राहून केली. ताईसाहेब खालच्या पट्टीत, देवास हळूच उठवावे तैसे गुणगुणत होत्या. छत्रीस रजा मिळाली. आता सूर चढला की पाय चढे, आणि सूर उतरला की पाय उतरे, आणि पुढील सर्व मजला याच रीतीने पार पडल्या.

हजार भरल्यावर मिस्त्रींनी जुने ऑइल काढिले, नवे भरिले, इंजिनास कान लाविला आणि निवाडा दिला की, "छान रुळलंय. आता दाबा बिनधास्त."

मेहुणेरावांची जीप मागे सोबतीस घेऊन मोकळ्या सडकेवर येताच दादासाहेबांचा पाय शिवशिवला. त्यांनी मान वळवून अर्ज केला, "ताई, आता दाबू?"

"अरे दम धर. धृपद तर होऊ दे."

सबब राखाडी मोटार, अंगी पूर्ण बळ असता, मुभा असता, सडक रिकामी असता, पस्तिसाच्या चालीने भजन ऐकत चालली, आणि दुधाचा टेम्पो पुन्हा पुढे गेला. मग ताईसाहेबांनी डोळे मिटून वरचा षड्ज लाविला, तो लागला, न फाटता लागला, आणि त्याच क्षणी पाय तळास गेला, आणि मोटार बाणासारखी सुटली, आणि टेम्पो मागे पडला, आणि मागून जीपमध्ये मेहुणेराव दोन्ही हातांनी टाळ्या पिटू लागले, तेव्हा वहिनीसाहेबांनी खिडकीतून मान काढून त्यांस सुकाणू धरण्याची सक्त ताकीद दिली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. इंजिन रुळले, कंठ रुळला, आमचे बाजूस छत्रीची काडी एक खर्ची पडली. ताईसाहेब अद्याप गात आहेत, सबब लेखणी थांबवून आम्हीही ऐकतो.