गवतावरची खुर्ची

डेस पिकरिंगने खुर्ची दारापुढच्या गवतावर ठेवली, इथेच माती खाल्ली. आणि तीही कुठल्या आठवड्यात? नगरपालिकेची गाडी वर्षातून एकदा मोडकं सामान उचलायला येते, त्या! सगळ्या गल्लीने गाद्या, कपाटं, टीव्ही गवतावर काढून ठेवलेले. त्या आठवड्यात गवतावर दिसेल ते उचलणाऱ्याचं, हा मेलबर्नच्या या उपनगराचा अलिखित कायदा. डेसला तो तोंडपाठ होता. त्याच्या घरातलं निम्मं सामान त्याच कायद्याने आलं होतं.

पण करतो काय? अंगणातलं ऊन शेजारच्या नव्या पाच मजली इमारतीने गिळलेलं. खुर्ची बायकोची, मॉरीनची. तिच्या आईने लग्नात दिलेली. मॉरीन बहिणीकडे जिलाँगला गेली होती, चारच्या गाडीने यायची होती. तोवर चाळीस वर्षांचा काळा थर घासून-धुऊन, उन्हात वाळवून, पॉलिश मारून तिला चकित करायचं, असा बेत. घासून खुर्ची पार गोरी निघाली. डेस ब्रश आणायला आत गेला. बाहेर येतो तर गवतावर चार पायांचे चार ठसे.

"स्टॅव्रो! माझी खुर्ची कुणी नेली?"

कुंपणापलीकडे म्हातारा स्टॅव्रोस टोमॅटोंना पाणी घालत होता. "दोन पोरी आल्या, गाडीत टाकली नि गेल्या."

"आणि तू नुसता बघत राहिलास?"

"मग काय करू? तू माझं गवत कापायचं मशीन नेलंस, तेव्हा मी बोललो काही?"

"ते तू टाकलं होतंस!"

"टाकलं नव्हतं रे. पेट्रोल आणायला गेलो होतो. बारा वर्षं झाली. दर रविवारी त्याचा आवाज ऐकतो मी."

डेसने विषय तिथेच तोडला. "गाडी कसली होती?"

"कसल्याशा कॉफीच्या दुकानाची."

म्हणजे काहीच कळलं नाही. घरं विकणाऱ्या दलालांच्या पत्रकात लिहिलेलं असतं: 'जुन्या वळणाचं, स्वतःचा चेहरा असलेलं उपनगर, सगळ्या सोयी पाच मिनिटांवर.' चेहरा ज्यांचा होता त्यांना भाडं परवडेना म्हणून ते कधीच हुसकावले गेले. आणि सोय म्हणजे कॉफी. चांभार गेला, कॉफी आली. बँक गेली, कॉफी आली. बुटाचा तळ सुटला तरी कॉफीच प्या!

साडेतीन झाले होते. डेस पाय ओढत चांभाराच्या जागी डोकावला, नाही. बँकेच्या जागी डोकावला, नाही. स्टेशनासमोरच्या जुन्या पोस्टात त्याने एकतीस वर्षं पत्रं वाटली होती. तिथेही आता कॉफीच. आत शिरला, आणि खिडकीपाशी खुर्चीची गोरी पाठ दिसली! कुणीतरी तिच्यात रेलून बसलं होतं.

"ती खुर्ची माझी आहे," तो गल्ल्यावरच्या दाढीवाल्या पोराला म्हणाला.

"काका, ती गवतावरची आहे."

"माहितीय! मीच ठेवली होती!"

"म्हणजे टाकलीतच की."

"वाळायला ठेवली होती!"

"आमच्या गिऱ्हाइकांना फार आवडलीय. त्या बाई सोडायलाच तयार नाहीत. उठल्या की बोलू."

डेस येरझाऱ्या घालू लागला. पावणेचार. चारला पाच कमी. ही बया उठणार कधी? शेवटी न राहवून तो तरातरा पुढे गेला. "अहो बाई, जरा..."

बाईने मान वळवली. मॉरीन!

"तू इथे कसा? मला आधीची गाडी मिळाली. म्हटलं, पाच मिनिटं टेकावं."

तोवर दाढीवाला मागून आलाच. "मॅडम, हे काका म्हणतायत ही खुर्ची त्यांची."

"यांची?" मॉरीनने खुर्चीच्या हातावर हात फिरवून पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. "डेस?"

खरं सांगावं, तर आईची खुर्ची कचऱ्यात घातली म्हणून उरलेली चाळीस वर्षं ऐकावं लागेल. "छे! काहीतरीच काय," तो म्हणाला. "आपली घरी आहे. ती काळी."

"तेच म्हणते मी." मॉरीन पर्स घेऊन उठली. "दिसायला देखणी आहे हो, पण आपल्या खुर्चीची सर नाही. चल घरी लवकर. तिच्यात बसल्याशिवाय माझी आखडलेली पाठ काही सुटायची नाही."

तिने पाऊल उचललं मात्र, मागे ताटकळत उभी असलेली एक मुलगी झटकन त्या खुर्चीत बसली.