साडूपेक्षा चार पंखे जास्त

"भाऊजींनी कॉम्प्युटर घरी बनवला. विकत नाही आणला, बनवला!" बहिणीकडे दोन दिवस राहून आलेल्या बायकोने चपला काढता काढता सांगितलं. जेवताना तेच पुन्हा सांगितलं. भांडी विसळताना तिसऱ्यांदा. तेव्हा स्टोअरकीपरच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्याही गोळीने थांबणारं नव्हतं.

दुखणं तसं जुनंच. साडूचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस उंच, हसतमुख, आणि कुणाकडे गेला की न सांगता त्यांचा गळका नळ नीट करून येणारा. दुसऱ्या कुणाचा साडू असता, तर स्टोअरकीपरला तो आवडलाही असता. पण तो नेमका याच्याच वाट्याला आला होता आणि लग्नाला सोळा वर्षं झाली तरी बायको "भाऊजी" म्हणताना जो आवाज लावायची, तो आवाज तिने नवऱ्यासाठी एकदाही लावला नव्हता. एकदा, निदान एकदा, तो आवाज आपल्यासाठी ऐकायचा, असं स्टोअरकीपरने त्या दिवशी ठरवलं.

आठवड्याभरात तो सहज म्हणून साडूकडे गेला, पेन पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली शिरला आणि कॅबिनेटच्या काचेतून आतला ऐवज लेबलांसकट बघून आला. तिथून थेट दुकान.

"वापर काय असणार?" दुकानदाराने विचारलं.

साडूला दाखवणे हा वापर सांगण्यासारखा नव्हता. "सर्वसाधारण," स्टोअरकीपर म्हणाला, "पण जास्त."

साडूची रॅम सोळा जीबी, याने बत्तीस घेतली. साडूच्या कॅबिनेटला दोन पंखे, याने सहा. तिकडे एकच निळा दिवा, इकडे सात रंग. माऊसला बारा बटणं होती, त्यातली दोन त्याला कळली.

"साहेब, घरच्या कामाला एवढं लागत नाही हो," दुकानदाराने सांगून पाहिलं.

"लागतं. तुम्हाला आमचं घर माहीत नाही."

घर खरोखरच माहीत असण्यासारखं होतं. एकोणीस वर्षं इस्पितळाचं भांडार सांभाळलेला हा माणूस. सील तुटलेलं खोकं तो दारातूनच परत पाठवायचा. घरातही तोच कायदा. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. फ्रिजच्या दारावरचं पारदर्शक आवरण आठ वर्षं जागच्या जागी. खुर्च्यांवर बसलं की त्या करकर वाजायच्या. "वस्तू नवी राहते," तो म्हणायचा. ती नवी म्हणून वापरायचा मुहूर्त मात्र कधी आला नव्हता.

दोन दिवस रजा टाकून, माहितीपत्रकं पाठ करून त्याने कॉम्प्युटर जोडला. बटण दाबलं. सहा पंखे फिरले, सात रंग धावले, पडदा उजळला. बायको पदराला हात पुसत आली.

"अय्या! तुम्ही केलंत हे?"

आवाज तोच येऊ घातला होता. स्टोअरकीपरने घसा साफ केला. "त्यात काय, थोडं डोकं लावलं की—"

आणि कॉम्प्युटर बंद पडला.

पुन्हा लावला. चार मिनिटांनी पुन्हा बंद. रॅम या खाचेतून त्या खाचेत गेली. वायरी उपटून पुन्हा बसवल्या. एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, बदलून आणला. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल म्हणून यूपीएस आणला. कॉम्प्युटर मात्र चार मिनिटांच्या वर नोकरी करायला तयार नव्हता.

"भाऊजींना विचारू का?"

"कशाला? चष्मे विकतात ते!"

"विकतात चष्मे. पण चालतो त्यांचा." आणि जाता जाता तिने बॉम्ब टाकला, "रविवारी दोघं जेवायला येतायत. मी कॉम्प्युटर बघायलाच बोलावलंय."

आता एकच मार्ग उरला. तीन मिनिटांचा कार्यक्रम बसवायचा. बेल वाजली की बटण दाबायचं, पहिल्या मिनिटात या-बसा, दुसऱ्या मिनिटात दिवे, तिसऱ्या मिनिटात "चला, जेवण गार होतंय" म्हणून स्वतःच बंद करायचा. घड्याळ लावून त्याने तालीमही केली.

रविवारी बेल वाजली. बटण दाबलं. आणि साडू दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडत बसला. सावकाश. दीड मिनिट. मग पाणी प्यायला. स्टोअरकीपरने त्याला जवळजवळ ढकलतच टेबलापाशी आणलं.

"वा! सहा पंखे?" साडू म्हणाला. "साडूबुवा, आमच्यावर कडी केलीत तुम्ही!"

इथे थांबायला हवं होतं. पण असं सुख एकट्याने घेववेना. "अगं, इकडे ये लवकर! तुझे भाऊजी काय म्हणतायत ऐक!" बायको आणि मेहुणी स्वयंपाकघरातून येईपर्यंत चौथं मिनिट भरलं. कॉम्प्युटरवर सगळा काळोख.

"वीज गेली वाटतं," स्टोअरकीपर म्हणाला. डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता.

साडूने आत हात घालून पाहिला. "चांगलाच तापलाय हो. तुम्ही दोघी व्हा पुढे, आम्ही आलोच." चष्म्याचा बारका स्क्रू-ड्रायव्हर खिशातून काढून त्याने प्रोसेसरवरचा पंखा उचलला. पंख्याच्या तांब्याच्या बुडाला पारदर्शक आवरण चिकटलेलं होतं. त्यावर लाल अक्षरात छापलं होतं, 'बसवण्यापूर्वी काढा.'

साडूने आवरणाकडे पाहिलं. रिमोटकडे पाहिलं. फ्रिजकडे पाहिलं. हसला मात्र नाही. हसला असता तर स्टोअरकीपरला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं.

साडूने आवरणाचं टोक धरलं. "जपून, फाटेल," स्टोअरकीपरच्या तोंडून निघून गेलं.

पंख्याच्या खोक्यात आलेला, उष्णता वाहून नेणारा लेप लावून पंखा बसला. कॉम्प्युटर पाच मिनिटं चालला, दहा मिनिटं चालला. दोघी बाहेर आल्या. "काय झालं होतं?" बायकोने विचारलं. स्टोअरकीपरने डोळे मिटले.

"काही विशेष नाही," साडू म्हणाला. "यांनीच शोधून काढलं. मी नुसता टॉर्च धरला."

मग काय विचारता! उष्णतेचा प्रोसेसरवर काय परिणाम होतो, हे स्टोअरकीपरने जेवण संपेपर्यंत सगळ्यांना समजावलं. साडू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा मान डोलवत होता. पाहुणे गेल्यावर स्टोअरकीपर त्या आवाजाची वाट बघत बायकोसमोर उभा राहिला.

आवाज लागला. "किती मोठ्या मनाचे आहेत हो भाऊजी!"

"म्हणजे?"

"दारातून सगळं पाहिलं मी. केलं त्यांनी आणि नाव तुमचं घेतलं. मला तर भरून आलं."

स्टोअरकीपर रात्रभर कूस बदलत राहिला. साडूने मोठेपणा दाखवला ना, मग आपणही दाखवू, आणि जरा वरचढच दाखवू! सकाळी बायको समोर असताना त्याने स्पीकर लावून साडूला फोन केला आणि त्याचे हात, त्याची नजर, त्याचं ज्ञान, त्याचा स्वभाव यांची तब्बल अकरा मिनिटं तारीफ केली. पलीकडून अधूनमधून "हो का," "अरे वा," एवढंच येत होतं. घामाघूम होऊन त्याने फोन ठेवला आणि आशेने बायकोकडे पाहिलं.

तिचे डोळे पाणावले होते.

"ऐन दुकान उघडायच्या वेळी," ती म्हणाली, "पण एका शब्दाने तोडलं नाही तुम्हाला. केवढा तो संयम भाऊजींचा!"