मनोहरभाऊंचा फौजी आजा

ऊर्जानगरात आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणारे मनोहरभाऊ पुराव्याशिवाय कशालाच हो म्हणत नाहीत. एका लग्नात, ऐन मांडवात, त्यांनी नवरदेवाकडे त्याची मार्कशीट मागितली होती. घुग्घुसला पाऊस पडतोय असं कुणी फोनवर सांगितलं तर म्हणतात, "फोटो पाठव. बोलाले काय लागते? सबूत पायजे."

फक्त एका गोष्टीला त्यांच्याकडे सूट होती. त्यांचे आजोबा सखाराम दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले होते, हे आमच्या थर्मल वीजकेंद्रातल्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकावं लागे. आजोबा लंगडायचे ते तिथली गोळी लागल्यामुळे, हेही.

एकदा चहा पिता पिता मी सहज म्हणालो, "भाऊ, याचा सबूत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बराबर हाय तुहं," म्हणाले.

त्याच आठवड्यात फौजेच्या जुन्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला त्यांचा अर्ज गेला. मग स्मरणपत्रं सुरू झाली. पोस्टमन त्यांना लांबून बघूनच सायकल दुसऱ्या गल्लीत घालायचा.

अखेर उत्तर आलं. भाऊंच्या आरमोरीजवळच्या गावचा सखाराम नावाचा शिपाई खरोखरच ब्रह्मदेशात होता. पण तो तिथेच मारला गेला होता, आणि त्याच्या वडिलांचं नाव वेगळं होतं.

"माहा आजा तं माह्या डोळ्यासमोर घरी वारला," भाऊ म्हणाले. "हा सखाराम दुसऱ्याच घरचा हाय. त्याच्या घरच्यायले सांगा लागन."

रविवारी त्यांनी मला मोटारसायकल काढायला लावली.

गावात चौकशी केली, तेव्हा कळलं की त्या सखारामची एक मुलगी आहे, पार्बताबाई. ऐंशी ओलांडलेली. अंगणात मोहफुलं वाळत घालत बसली होती. भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाई, तुमचा बाप फौजेत होता. लढाईत मेला तो."

"तो तं पळून गेला होता," ती म्हणाली. "मी मायच्या पोटात होतो तवाच. माय म्हने, त्यानं दुसरी बाई केली. जलमभर शिव्या देत राह्यली त्याले."

"नाई बाई. तसं नव्हतं."

ती बराच वेळ फुलं हातानं पसरत राहिली. सगळी पसरून झाली होती तरीही. मग म्हणाली, "मायले सांगाले पायजे होतं कोनी."

भाऊंनी कागद पिशवीतून बाहेर काढलाच नाही. बाईनं भात वाढला. दोघंही जेवलो.

परतीच्या रस्त्यावर मी विचारलं, "म्हणजे आजोबांनी तुम्हाला खोटंच सांगितलं?"

"खोटंच. झाडावून पडून लंगडा झाला असन." मागे बसलेले भाऊ म्हणाले. "पन मले खांद्यावर बसवून सांगे. आख्खा बाजार फिरून व्हाचा, तरी त्याची लढाई सरत नव्हती. बाईले तं बाप कसा दिसे, तेही ठाऊक नाई."

पुढच्या सुट्टीला ते एकटेच एसटीनं गावी गेले. जाताना पार्बताबाईसाठी लुगडं घेतलं होतं. कोणता रंग तिला आवडेल, हे त्यांनी माझ्या बायकोला तीनदा विचारलं होतं.